एक शून्यापेक्षा मोठा आहे

३ ऑगस्ट

ती. मामा,

नमस्कार. सुखरूप पोचलो. फोनवर बोललेलं नंतर तपासता येत नाही म्हणून पत्रच पाठव, असं तुम्ही म्हणाला होतात, त्याप्रमाणे लिहीत आहे. आधी कच्चं लिहून मग पक्कं केलं आहे. तरी कुठे खाडाखोड राहिली असेल तर क्षमा असावी.

खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. दोन खाटा, दोन टेबलं, एक खिडकी. माझं टेबल डावीकडे झुकत होतं. पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली आणि वर पेन्सिल आडवी ठेवून बघितली. आता घरंगळत नाही. खोलीत दुसरा एक मुलगा आहे, वयाने माझ्याहून बराच लहान आणि उंचीने वीतभर जास्त. त्याला सगळे लांब्या म्हणतात. मला सगळे काका म्हणतात. मी चोवीस वर्षांचा आहे हे सांगून पाहिलं, उपयोग झाला नाही.

पहिल्या तासाला बाईंनी प्रत्येकाला आधी काय शिकलात ते विचारलं. मी उभा राहून म्हणालो, नववीत शाळा सोडली, मग मामांच्या दुकानात वजनकाटे दुरुस्त केले, मग मोठ्या वयाच्या लोकांसाठी असते ती प्रवेश परीक्षा दिली. बाई म्हणाल्या, "चला, वर्गात एक तरी माणूस काटेकोर आहे." सगळे हसले. मी हसलो नाही, कारण यात चुकीचं काही नव्हतं.

आपलं ठरलं आहे ते माझ्या लक्षात आहे. पहिलं वर्ष पास झालो तर पुढची दोन वर्षं. नाही झालो तर परत दुकानात, माझ्या स्टुलावर. कॉलेजचा नियमही तसाच निघाला. वार्षिक परीक्षेत निम्मे गुण पडले नाहीत तर जागा दुसऱ्याला देतात.

बारीक वजनांची पेटी दुकानात खालच्या खणात आहे. वजनं चिमट्यानेच उचलावीत, बोट लागू देऊ नये. मामींना नमस्कार.

आपला भाचा


१४ ऑगस्ट

चि. मिलिग्रॅम,

आशीर्वाद आहेतच, दर पत्रात लिहून शाई घालवणार नाही. तुझ्या पत्रात खाडाखोड शोधली, मिळाली नाही. भिंग घेऊनही बघितलं.

वजनाला बोट लावू नका हे तू मला सांगतोस? तुला नाक पुसायला मी शिकवलंय. दुकान जोरात आहे, तुझ्यावाचून कुणाचं काही अडलेलं नाही. समोरचा किराणावाला रोज विचारतो, भाचा आकड्यांत कुठवर पोचला? मी म्हटलं, आपल्याला वाचता येणार नाहीत एवढे मोठे आकडे असतील. एखादा पाठव, दुकानात लावतो.

मामा

पाकीट चिकटवायचं काम माझ्याकडे आहे, म्हणून ही खालची जागा माझी. दुकान जोरात म्हणजे हे एकटे बसून जोरात बोलतात. तुझं स्टूल भिंतीकडे सरकवलंय, पण कुणी त्यावर बसलं की यांना तिथूनच काहीतरी काढायचं असतं. पोटाला चिमटा काढून अभ्यास करू नकोस. — मामी


२ सप्टेंबर

ती. मामा,

किराणावाल्यांना कळवा की आकडे अजून आलेले नाहीत. महिना होत आला. परवा फळ्यावर एका कोपऱ्यात सत्तेचाळीस दिसला. मी तो घाईने उतरवून घेतला, पण तो पुस्तकातला पानाचा क्रमांक निघाला. इथे नुसती अक्षरं असतात, आणि त्या अक्षरांच्या जागी कुठलाही आकडा असू शकतो, त्यामुळे कुठलाच नसतो.

पुस्तकात जागोजागी "हे उघड आहे" असं छापलेलं असतं. मी हात वर करून विचारलं, "कुणाला?"

बाई म्हणाल्या, "पुस्तक लिहिणाऱ्याला."

"ते मला कुठे भेटणार?"

"मग तुमचं तुम्ही बघा."

म्हणून मी माझं मी बघतो. दुसऱ्याचं सील पाहून काटा पास करायचा नाही, आपलं वजन टाकून बघायचं, हे तुम्ही मला पहिल्या दिवशी शिकवलंत. इथे सीलच्या जागी प्रमेय असतं. प्रमेय म्हणजे कुणीतरी आधीच सिद्ध करून ठेवलेली गोष्ट. ती प्रत्येक मी पुन्हा सिद्ध करून घेतो आणि मगच पुढे जातो. लांब्या म्हणतो, "काका, सिद्ध केलंय म्हणजे केलंय. तुमचं काय जातं?" मी म्हटलं, माझं सील जातं. तो पुढच्या धड्यावर आहे. मी मागच्या धड्याच्या मागे आहे.

एक प्रमेय तुम्हाला आवडेल. पारडं मघाशी खाली होतं आणि आता वर आहे, आणि वाटेत त्याने कुठे उडी मारलेली नाही, तर मध्ये कधीतरी ते बरोबर समतोल होतं. हे सिद्ध करायला दोन पानं लागतात.

आपला भाचा


१५ सप्टेंबर

चि. मिलिग्रॅम,

पारडं खालून वर जाताना मध्ये समतोल होतं, याला दोन पानं? एवढ्यासाठी एवढ्या लांब जायचं काय कारण होतं? मी दुकानात दाखवलं असतं.

सीलचं मात्र बरोबर. कुणाच्या बापाचं ऐकू नकोस, आपलं वजन टाकून बघ. सहामाही झाली की गुण कळव. इकडे लोक विचारतात.

मामा

कुणाच्या बापाचं ऐकलं नाहीस तरी चालेल, बाईंचं ऐक. आणि "लोक विचारतात" म्हणजे हेच विचारतात. — मामी


२० नोव्हेंबर

ती. मामा,

सहामाही झाली. पेपरात मोठा प्रश्न एकच होता. ते पारड्याचं प्रमेय वापरून, दिलेल्या समीकरणाला उत्तर असतंच हे दाखवा.

"वापरून" असं छापलं होतं. पण वापरायच्या आधी तपासावं म्हणून मी ते सिद्ध करायला घेतलं. त्यासाठी संख्यांच्या रांगेत कुठे फट नाही हे माहीत असावं लागतं, म्हणून ते तपासलं. त्याला खालून टेकू देणारं आणखी एक होतं, त्याच्याखाली आणखी एक. असा जिना उतरत गेलो. पुरवण्या इतक्या घेतल्या की पुरवण्या वाटणारे गृहस्थ माझ्या बाकाशेजारीच उभे राहिले. घंटा झाली तेव्हा मी एक ही संख्या शून्यापेक्षा मोठी आहे इथपर्यंत आलो होतो, आणि ते सिद्ध करून संपवलं होतं. अगदी पक्कं आहे. त्यात कुणाला खोट काढता येणार नाही.

बाईंनी माझ्या उत्तरपत्रिकेवर लाल शाईने दीड पान लिहून दिलं आहे. बाकीच्यांना एकेक ओळ मिळाली. लांब्याला तर नुसती बरोबरची खूण.

गुणांविषयी सविस्तर लिहिलं असतं, पण पेनातली शाई संपत आली आहे.

ता. क. बारीक वजनांच्या पेटीत कापूर ठेवू नये, त्याने पितळ काळं पडतं. पेटी उन्हात ठेवू नये. खिडकीजवळही नको, वाऱ्याने पारडं हलतं. वजनं पुसायचं मऊ कापड धुताना साबण पूर्ण निघाला पाहिजे. नवं कापड मामींकडच्या जुन्या पांढऱ्या चादरीचं करावं, रंगीत नको, धागे सुटतात.

आपला भाचा


२ डिसेंबर

चि. मिलिग्रॅम,

दीड पान! मी पत्र दुकानात मोठ्याने वाचून दाखवलं. एक शून्यापेक्षा मोठा आहे याबद्दल आपल्या रस्त्यावर तसं दुमत नव्हतं. पण ते घरच्या माणसाने सिद्ध करावं याला वेगळं वजन आहे. किराणावाला विचारात पडला. म्हणाला, "मग इतकी वर्षं आपण धंदा कशाच्या भरवशावर करत होतो?" मी म्हटलं, "नशीब समज."

एक काम करून टाकलंय. काय ते आल्यावर बघशील.

मामा

मी सांगते काय ते. पाटीवाल्याला बोलावून दुकानाची पाटी नवी करून घेतली. वर "मामा-भाचे, काटे दुरुस्ती" आणि खाली ठसठशीत "गणित पदवीधर". पाटीवाल्याने विचारलं, "पदवी मिळाली का?" हे म्हणाले, "रंग वाळेपर्यंत मिळेल."

आता जे लिहिते ते यांच्या नकळत. चिमटा धरला की यांचा हात थरथरतो. सोनाराचा बारीक काटा कधीचा फडक्याखाली पडून आहे. भाग आलेला नाही असं सोनाराला सांगतात. भाग कसला, तू आलेला नाहीस. एका हाताने पाटी रंगवून घेतात आणि दुसऱ्या हाताने तुझं स्टूल पुसतात. तू पास व्हावंस की नापास, त्यांचं त्यांनाच ठरवता येत नाहीये. आणि शाई संपत आलेला माणूस एवढा ता. क. लिहीत नाही. गुण किती पडले? — मामी


१० डिसेंबर

ती. मामी,

हे पत्र फक्त तुम्हाला आहे. मामांना दाखवू नये.

शंभरपैकी अकरा.

लाल शाईतलं सगळं लिहीत नाही, मुख्य तेवढं उतरवतो. "तुम्ही जे सिद्ध केलंत ते सगळं बरोबर आहे. मी जे विचारलं ते त्यात कुठेही नाही. काही लोक तहान लागल्यावर विहीर खणतात. तुम्ही समोर नळ असताना खणता." बाकीचं पान याच अर्थाचं आहे.

मी घोकून बसत नाही, कॉपी करत नाही, कष्टालाही मागे हटत नाही. पण "वापरा" म्हटलं की माझा हात पुढे होत नाही. दुसऱ्याने लावलेलं सील बघितलं की मला ते तोडून आत बघावंसं वाटतं. दुकानात याच गोष्टीसाठी मामांनी मला शाबासकी दिली, आणि इथे याच गोष्टीसाठी अकरा मिळाले. यातलं कुणाचं चुकलं ते मला ठरवता येत नाही.

पाटीचं वाचून त्या दिवशी जेवण गेलं नाही. हाताचं वाचून मात्र वाटलं की मी परत यावं हेच बरं. नापास व्हायला मला वेगळं काही करावं लागणार नाही. आहे तसंच चालू ठेवलं तरी पुरे. मी स्टुलावर बसेन, सोनाराचा काटा होईल, आणि पाटीवरची खालची ओळ मीच खरवडून काढीन, पाटीवाल्याला बोलवायला नको. तुम्हाला काय वाटतं?

आपला भाचा


१९ डिसेंबर

चि. भाच्यास,

तुझं पत्र यांना दाखवलं नाही. उशीखाली ठेवलं होतं. यांनी स्वतःच काढून वाचलं, त्याला मी काय करणार? आजवर माझी उशी कधी उचलली नव्हती.

वाचून झाल्यावर उठले. दाढी करायला गेले. आल्यावर मी विचारलं, "न्हाव्याचा वस्तरा तपासलात का?" म्हणाले, "तो कशाला?" म्हटलं, गावभर दुसऱ्याचं सील मानत नाही तुम्ही, आणि धार लावलेल्या वस्तऱ्याखाली मान देऊन डोळे मिटून बसता. माझ्या हातचं इतकी वर्षं जेवताय, कधी आधी मीठ बघून मग घास घेतला नाहीत. जिना चढताना पायऱ्या हलवून बघत नाही. तुमच्या दुकानातल्या मुख्य वजनांवर ज्या साहेबांची मोहर आहे, त्यांना तरी कधी भेटलात? म्हणाले, "ती वेगळी गोष्ट आहे." मी म्हटलं, कशी वेगळी ते सिद्ध करा. तेव्हापासून सिद्ध करतायत. जेवण निवलं.

आता तुझं. यांच्या हातासाठी परत आलास तर दारातूनच पाठवीन. हात यांचा थरथरतो, तुझं डोकं कशाला थरथरायला हवं? मोठ्या काट्यांना काही अडचण नाही, यांचा हात हलला म्हणून धान्याचं पोतं हलत नाही. बारीक काटे तुझ्या सुट्टीची वाट बघतील. सोनाराचं मी बघते. नापास व्हायचंच असेल तर प्रयत्न करून हो, आळसाने नको.

मामी

आज खालची जागा मला मिळाली आहे. वापर म्हटलं तर वापर, गाढवा. मी तुला काट्यांबद्दल शिकवलं होतं, जगाबद्दल नाही. अकराचं कुणाला बोललो नाही. पाटीवरचा रंग वाळलाय. — मामा


११ फेब्रुवारी

ती. मामा आणि मामी,

दोघांनाही एकाच पाकिटात लिहितो, उशी उचलायला नको.

वापरण्याची सवय करत आहे. पहिल्यांदा न्हाव्याकडे डोळे मिटून बसलो. एकदाच किलकिले केले. मग खानावळीत जे वाढलं ते न हुंगता खाल्लं. त्यानंतर दोन दिवस पोट बिघडलं. लांब्या म्हणाला, "काका, खानावळ हे प्रमेय नाही. तो नुसता अंदाज आहे." हा फरक मला पटला.

बाईंना जाऊन भेटलो. म्हटलं, "प्रमेय वापरायच्या आधी, ते सिद्ध झाल्याचं कुणी डोळ्यांनी पाहिलंय एवढं तरी विचारू का?"

बाई म्हणाल्या, "मी पाहिलंय. माझ्या सरांनी माझ्यासमोर केलं."

"आणि त्यांच्या सरांनी त्यांच्यासमोर?"

"बसा," बाई म्हणाल्या. मी बसलो. त्यांनी खडू खाली ठेवला. "तुम्हाला तपासायचंय ना? घरी तपासा. सगळंच्या सगळं तपासा, मला आनंदच आहे. उद्या तुमच्यासारखेच लोक लागणार आहेत. पण घरी खणा आणि परीक्षेत प्या."

हे मी कागदावर लिहून खिडकीला चिकटवलं. लांब्याला भेटायला येणारी मुलं वाचतात आणि खोलीत पिण्याबद्दल काही नियम आहे असं समजतात.

लांब्या हल्ली संध्याकाळी माझी तपासलेली प्रमेयं ऐकायला बसतो. त्याला सगळं वापरता येतं, पण का चालतं ते विचारलं की पाणी भरायला जातो. आता जात नाही.

सोनारांना काय सांगितलं?

आपला भाचा


२३ फेब्रुवारी

चि. मिलिग्रॅम,

सोनाराला तुझी मामी म्हणाली की काटा गणितज्ञाकडेच द्यायचा असेल तर थांबावं लागतं, चांगले डॉक्टरसुद्धा लगेच भेटत नाहीत. तो खूश होऊन गेला. आता तो बाकीच्यांना सांगतो की माझा काटा रांगेत आहे.

परीक्षेला जाताना पेन दोन ने. शाई संपते तुझी.

मामा

परवा जिना चढताना यांनी पहिली पायरी हलवून बघितली. मी बघतेय हे कळल्यावर गुडघा चोळायला लागले. — मामी


६ मे

ती. मामा आणि मामी,

अठ्ठावन्न.

हा आकडा आधी लिहिला, कारण मागच्या वेळी मी तो लिहायचं टाळलं होतं.

या वेळीही पेपरात "वापरून" होतं. पेन टेकवलं आणि हात थांबला. मग मी उत्तराच्या आधी एक ओळ लिहिली: "हे प्रमेय मी घरी तपासलेलं आहे, ते वापरण्यास माझी हरकत नाही." आणि वापरलं. चार ओळींत उत्तर आलं. चारच ओळी, मामा. मला इतकी लाज वाटली की उरलेला वेळ मी ते पुन्हा पुन्हा वाचत बसलो, काहीतरी राहिलं असेल म्हणून. काही राहिलं नव्हतं.

बाईंनी त्या ओळीखाली लाल शाईने लिहिलं आहे: "प्रमेयाला कळवते."

जागा राहिली. दुसऱ्या वर्षाचं पुस्तक आणलं आहे. पहिल्याच पानावर "हे उघड आहे" तीन ठिकाणी आहे. महिनाअखेरीस सुट्टीला येतो. सोनाराच्या काट्यावरचं फडकं माझ्या आधी कुणी काढू नये.

आपला भाचा


१४ मे

चि. मिलिग्रॅम,

किराणावाल्याला अठ्ठावन्न सांगितले. म्हणाला, उरलेले बेचाळीस कुठे गेले? मी म्हटलं, ते पुढच्या दोन वर्षांसाठी ठेवलेत, सगळं पहिल्या वर्षीच संपवलं तर शिकायचं काय?

ये.

मामा

स्टूल जागेवर सरकवून ठेवलंय. यांनी पेन्सिल आडवी ठेवून बघितली. — मामी


३० जून

ती. मामा,

काल पोचलो. एक काळजी आहे, म्हणून लगेच लिहीत आहे.

निघायच्या दिवशी सोनाराचा काटा पुरा केला, आणि तुम्ही "बस चुकेल" म्हणून मला उठवलंत. बस सुटल्यावर आठवलं की उजव्या पारड्याचा स्क्रू मी शेवटी अर्धा फिरवला होता, आणि त्यानंतर वजनं पुन्हा टाकली की नाही ते आता नक्की सांगता येत नाही. टाकली असावीत. माझी तशी सवय आहे. पण सवय म्हणजे सिद्धता नव्हे.

काट्यावर सील तुमचं लागणार आहे. तरी मारण्यापूर्वी सगळी बारीक वजनं टाकून बघावीत. हात साथ देत नसेल तर चिमटा मामींकडे द्यावा. काटा आधीच दिला असेल तर परत मागवावा. सोनाराला काय सांगायचं ते मामींना सुचेल.

आपला भाचा


८ जुलै

चि. मिलिग्रॅम,

तू गेलास त्याच दिवशी काटा सील मारून दिला. तक्रार नाही. सोनार रोज काहीतरी तोलतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतो.

दुसऱ्या वर्षाचं बघ आता. आणि आकडे आले की कळव, किराणावाला अजून आशा धरून आहे.

मामा

यांनी लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. सोनार घ्यायला आला तेव्हा म्हणाला, "एकदा तोलून दाखवता का?" हे म्हणाले, "भाच्याने तपासलाय." यांचा हात खालच्या खणाकडे गेला, मी बघत होते. खण उघडला. वजनांची पेटी बाहेर काढली, तिच्यावरून फडकं फिरवलं, आणि पेटी तशीच परत आत ठेवली. मग सील उचललं आणि मारलं. इतक्या वर्षांत या दुकानातून न तपासलेला काटा बाहेर गेल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं.

आता पाकीट चिकटवते आहे. हे चपला घालून टपालाला जायला दारात उभे आहेत. मी म्हटलं, खाली काय लिहिलंय ते वाचायचंय का? म्हणाले, "तू लिहिलंयस ना, मग काय वाचायचं."

मला आता यांचीच काळजी वाटायला लागली आहे. — मामी